दोन विषाणूंमधली एकवीस वर्षे

कोल्हापूरच्या विषाणू-वंशशास्त्र प्रयोगशाळेत डॉ. फिरोज इनामदारांनी पडद्यावर एक झाड उभे केले. त्याला दोनच फांद्या होत्या. एक रेवती खराडेची, दुसरी तिचा नवरा धैर्यशील याची.

साल २०४४. मूल होण्यासाठीचे उपचार सुरू करण्याआधी दोघांच्याही संसर्ग-चाचण्या कराव्या लागतात. तशा या दोघांच्या झाल्या आणि दोघांतही हिपॅटायटिस सी निघाला. बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी तो बरा होतो. पण अहवाल आल्यापासून रेवती माहेरी होती. आजार कोणी आणला हे कळल्याशिवाय ती परतणार नव्हती. मूल तर दूरच.

सासूबाई, शालन, बाहेर बाकावर बसल्या होत्या.

"त्यांनाही आत बोलवा," रेवती म्हणाली. "त्यांच्यासमोरच कळू दे."

शालनबाई खुर्चीत टेकल्या. "आमच्या घरात असला आजार न्हाई कुणाला. लग्नाआधी सुनेचं रक्त तपासायला पायजे हुतं."

"मुलाचं नको?" उपचार करणाऱ्या डॉ. अनुपमा डोर्ले यांनी विचारले. मग त्या इनामदारांकडे वळल्या. "फिरोज, कोणी कोणाला दिला हे खरंच कळतं?"

"कोणी, हे कधीकधी. केव्हा, हे बऱ्यापैकी. हा विषाणू स्वतःची नक्कल करताना चुका करतो, दरवर्षी साधारण तेवढ्याच. एकातून दुसऱ्यात गेला की दोन्हीकडे वेगळ्या चुका साठतात. आजचा फरक मोजला की वाटा कधी फुटल्या ते काढता येतं. त्याला आम्ही विरहकाल म्हणतो. नाव माझं नाही. खात्यात एक कवी आहे."

"यांचा किती?"

"लग्नाला पाच वर्षं झाली. एकाने दुसऱ्याला दिला असता तर पाचाच्या आत यायला हवा होता. आलाय एकवीस."

"एकवीस वर्षांपूर्वी मी चौथीत होतो," धैर्यशील म्हणाला. "हिला पाहिलंसुद्धा नव्हतं."

डोर्लेंनी दोघांचे फॉर्म पुन्हा वाचले. शस्त्रक्रिया, नाही. रक्त चढवले, नाही. टॅटू, नाही. मग त्यांची नजर रेवतीच्या मनगटावरच्या हिरवट चांदणीवर गेली.

"हे काय?"

"ते देवीचं. कोरजाईच्या जत्रेत लहान पोरांना काढतातच. मी दुसरीत होते." रेवती थोडी गोंधळली. "त्याचा आजाराशी काय संबंध?"

धैर्यशीलने बाही वर केली. तीच चांदणी, त्याच हिरव्या रंगाची.

गोंदायचे बॅटरीवरचे यंत्र, एकच सुई आणि अख्खी रांग. दोघांची गावे वेगळी होती, जत्रा एकच होती. सालही जुळले.

"म्हणजे कोणी कोणाला दिलाच नाही," डोर्ले म्हणाल्या.

महिन्याभरात प्रथमच रेवतीने नवऱ्याकडे सरळ पाहिले.

इनामदार मात्र झाडापुढून हलले नाहीत. "सुईवर तो आला कुठून? या फांद्या एकमेकींतून निघत नाहीत. दोन्ही तिसऱ्याच कोणापासून निघतात. यांच्या आधी रांगेत कोणीतरी बसलं होतं, आणि त्या माणसाला आजही पत्ता नसेल. काही आठवतं?"

"सुई बघून मी पळालो होतो," धैर्यशील म्हणाला. "मला धरून आणलं. मग आधी…" त्याने आईकडे पाहिले.

"मग आधी मी दंड पुढं केला," शालनबाई हळू म्हणाल्या. "बघ, दुखत न्हाई, म्हणून."

"त्याआधी तुम्हाला कधी रक्त चढवलं होतं?" डोर्लेंनी विचारले.

"ह्यो जन्मला, त्याच्या दुसऱ्या दिवशी. दोन बाटल्या."

"मुलाला तो तान्हेपणीच मिळाला असता तर या दोघांचा विरहकाल तीस आला असता," इनामदार म्हणाले. "एकवीसच बरोबर आहे."

चौथ्या दिवशी झाडाला शालनबाईंची तिसरी फांदी आली. आधीच्या दोन्ही तिच्यातूनच फुटत होत्या. शालनबाईंच्या यकृतावर तीस वर्षांचे व्रण होते. उशीर झाला होता, पण फार नाही.

"आधी ह्या दोघांचं बघा," शालनबाई डोर्लेंना म्हणाल्या. "माझं काय, झालं आता."

रेवतीने तिघांच्या गोळ्यांची पाकिटे एकाच पिशवीत भरली.

"एक दिवस चुकवून चालत नाही, आई. आणि तुम्ही चुकवणार," ती म्हणाली. "म्हणून मी आजच घरी येते."