अमान्य वेग

सासूबाई शेजारणींना कौतुकाने सांगायच्या, "आमची सून ड्रायव्हर आहे." शेजारणी विचारायच्या, "बसची का ट्रकची?" सुरुवातीला तिने समजावून पाहिलं, मग नाद सोडला.

ती ड्रायव्हर लिहायची. कॉम्प्युटर आणि त्याला जोडलेलं यंत्र यांच्या मध्ये एक छोटासा प्रोग्राम उभा असतो. वरून आलेला हुकूम तो यंत्राला कळेल असा करून सांगतो, त्याचं नाव ड्रायव्हर. तिच्या वाट्याला आलेलं यंत्र म्हणजे पक्षाघातातून उठलेल्या माणसांना पुन्हा चालायला शिकवणारा पट्टा. त्याच्या मोटरला ठरावीकच वेग जमायचे. त्याबाहेरचा वेग कुणी मागितला तर ड्रायव्हरने तो तिथल्या तिथे अडवायचा. नाहीतर मोटर गचके खाणार आणि वरचं माणूस तोंडावर आपटणार. ही अडवणूक चोख ठेवणं हे तिचं काम. ऑफिसात तिला 'चाळणी' म्हणत. तिच्या हातून खडा सुटत नाही म्हणून.

एका सकाळी एका इस्पितळातून फोन आला. तिथल्या फिजिओचा.

"तक्रार नाहीये हो," तो म्हणाला. "पण आमचा एक पट्टा तुमच्या सगळ्यात कमी वेगापेक्षाही हळू चालतो. असं कसं?"

"तसा चालत नाही तो."

"चालतोय."

"चालूच शकत नाही."

"मग येऊन बघा ना."

निघण्याआधी तिने टेबलावरच्या मोटरला ड्रायव्हर वगळून थेट तेवढाच हळू वेग देऊन पाहिला. मोटर गुरगुरली, दोन आचके देऊन गप्प झाली. व्हायला हवं होतं तेच झालं.

इस्पितळातली ती खोली लांबट आणि उजेडाची होती. रबराचा आणि मलमाचा मिसळलेला वास. एका भिंतीला आरसा, दुसरीला लाकडी दांड्या. खिडकीजवळच्या पट्ट्यावर एक काकू चालत होत्या. पूर्वी टेलिफोन खात्यात होत्या, आता डावं अंग लुळं. उजवा हात कठड्यावर. डावा जरासा पुढे, हवेत, कुणी कोपराला आधार दिल्यासारखा. पट्टा खाली सरकत होता तो इतका संथ, की नजर ठरली नाही तर तो थांबलाय असंच वाटावं. गचका नाही, गुरगुर नाही.

"दुसरीकडे उभ्यासुद्धा राहत नाहीत," फिजिओ हळूच म्हणाला. "फक्त इथे."

तिने लॅपटॉप जोडला आणि थोड्याच वेळात तिचा जीव भांड्यात पडला. ड्रायव्हरमध्ये कमाल वेगाची तपासणी होती, किमान वेगाच्या खालची बाजू मात्र उघडीच राहिली होती. कुठूनतरी तो हळू वेग मागितला जात होता आणि ड्रायव्हर मुकाट्याने पुढे ढकलत होता. खडा सापडला. मोटरला तो वेग जमत कसा होता, एवढंच उरलं. मोटरमध्येच काहीतरी वेगळेपण असेल म्हणून तिने ती बदलायला सांगितली.

दोन दिवसांनी ती नवा ड्रायव्हर घेऊन आली. मोटर बदलून झाली होती. तिने स्वतः तो हळू वेग मागितला. पडद्यावर लाल अक्षरं उमटली: वेग अमान्य. पट्टा जागचा हलला नाही. तिने तीन-चारदा तेच करून पाहिलं. दर वेळी नकार.

"झालं," ती म्हणाली.

मग आपल्या सुनेचा हात धरून काकू आल्या. पट्ट्यावर चढल्या, कठडा धरला. फिजिओने किमान वेग लावला. मोटरची घरघर सुरू झाली आणि दुसऱ्याच पावलाला काकूंचा डावा पाय मागे फरफटला. त्याने घाईने पट्टा बंद केला.

"भरभर होतंय हो," काकू म्हणाल्या. ओशाळल्यासारख्या, जणू चूक त्यांचीच. सुनेने तोंड खिडकीकडे फिरवलं.

तपासणी बरोबर होती आणि समोर एक बाई दोन पावलांवर अडकून उभी होती.

तेवढ्यात पट्टा सरकू लागला.

फिजिओचे दोन्ही हात खिशात होते. तिने लॅपटॉपकडे पाहिलं. वेग मागितलेला नाही. मोटर बंद. मोटरकडे जाणारी वीज शून्य.

घरघरही नव्हती. फक्त रबराची बारीक सळसळ, आणि काकूंची पावलं. एक नेमकं, एक घासत येणारं.

आणि त्या दोहोंच्या मध्ये आणखी एक.

तिने खाली पाहिलं. काकूंच्या डाव्या पायाशेजारी रबर किंचित दबत होतं, उठत होतं. पुन्हा दबत होतं.

"काकू," तिने विचारलं. "कोण आहे?"

"काय माहीत." काकूंनी चालणं थांबवलं नाही. "आमचे हे नव्हेत, एवढं नक्की. ते भरभर पुढे जायचे, मी मेले का जगले ते वळूनसुद्धा बघायचे नाहीत." त्या हसल्या. हसू एकाच बाजूला उमटलं. "ज्याला घाई नाही असं माणूस मला पहिल्यांदाच भेटलंय बाई."

तिने भिंतीतला प्लग खेचून काढला.

पट्टा थांबला, पण झटका बसला नाही. बोलता बोलता कुणी उभं राहावं तसा थांबला.

प्लग तिच्या हातातच होता.

"बंद करणार का गं हे?" काकूंनी विचारलं.

खोटं बोलावंसं तिला फार वाटलं. "हो, काकू. इथे दुसरं कुणी चढलं आणि पडलं, तर? कुणी पडणार नाही याची खात्री मला देता येत नाही."

काकूंनी वाद घातला नाही. मान हलवली. "खरंय. दुसऱ्यांचाही विचार करायला हवा." मग डावीकडे वळून, अगदी घरातल्या माणसाशी बोलावं तसं म्हणाल्या, "चला तर मग."

आणि त्या पट्ट्यावरून खाली उतरल्या.

काठी नाही, कठडा नाही. फिजिओ धावला आणि अर्ध्या वाटेत थबकला. डावा हात तसाच हवेत पुढे ठेवून काकू आरशासमोरून गेल्या, दारापर्यंत गेल्या, वळल्या. सुनेने तोंडाला पदर लावला होता.

त्यानंतर पट्ट्याने एकदाही खोडी केली नाही. हळू वेग मागितला की 'अमान्य', बाकीचे सगळे ठीक. तिने अहवालावर सही केली आणि विषय मिटवला. पण काकू मनातून जाईनात. आपण हट्टाने बंद केलं ते बरं केलं का, हे विचारायला दुसरं माणूसही नव्हतं. शेवटी एका रविवारी सकाळी ती फळं घेऊन त्यांच्या घरी गेली.

सुनेने दार उघडलं. चेहऱ्यावर तजेला होता. "या या. आई आता स्वयंपाकघरापर्यंत एकट्या जातात," ती म्हणाली, आणि 'एकट्या' या शब्दावर जराशी अडखळली.

दारापासून आतपर्यंत एक चिंचोळा पॅसेज होता. त्याच्या टोकाशी काकू दिसल्या. तिला पाहून त्यांचा अर्धा चेहरा उजळला. "आलीस का गं! थांब हं, आम्ही गॅस बारीक करून येतो," म्हणत त्या दाराजवळच्या स्वयंपाकघराकडे सावकाश पुढे आल्या. वाट द्यायला दोघी भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. काकू गेल्या. एक नेमकं पाऊल, एक घासत येणारं. साबणाचा मंद वास मागे राहिला.

भिंतीपासून दूर होत ती फळांची पिशवी ठेवायला पुढे वाकली, तोच सुनेने तिचा दंड धरून तिला मागे ओढलं.

"थांबा," सून कुजबुजली. "पॅसेज अरुंद आहे ना. इथे एकामागून एक जावं लागतं."