पाटीला पाच अपघात लागतात

ही घटना खरी आहे. पटत नसेल तर वाचू नका, माझा आग्रह नाही. लॉरीन पिकेट अकरा वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर बसते आणि तिला खोटं बोलता येत नाही. आलं असतं, तर ती आज आमच्या नगरपालिकेत साहेब असती.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. मिनेसोटातलं एल्क बेंड, ऑक्टोबरचा मंगळवार, लख्ख ऊन. दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं.

टॅमरॅक आणि नाइन्थ हे दोन रस्ते जिथं छेदतात, त्या चौकात लॉरीन गाडी लावून बसली होती. मांडीवर तक्ता, हातात गाड्या मोजायचं बटण. रस्त्यावर काळी रबरी नळी आडवी टाकलेली. तिच्यावरून चाक गेलं की खांबावरच्या डब्यात वेगाची नोंद व्हायची. टॅमरॅकवर स्टॉपच्या पाट्या होत्या, म्हणजे चौक रिकामा असला तरी गाडी पूर्ण थांबवायचीच. नाइन्थवर नव्हत्या आणि तिथून गाड्या सुसाट जायच्या. कोपऱ्यावरच प्राथमिक शाळा.

चारही बाजूंना पाट्या लावा, असा अर्ज हार्लन ओडेगार्ड नावाच्या एक्क्याऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याने सहाव्यांदा केला होता. आमचा नियम ठरलेला. तासाला तीनशे गाड्या दाखवा, नाहीतर वर्षात पाच अपघात दाखवा. इथं गाड्या कमी. वर्षातले अपघात शून्य.

लॉरीनचं डोकं आधीच तापलेलं होतं. पाचदा नाही म्हटलं तरी या माणसाला कळत नाही म्हणजे काय!

तीन दहाला शाळा सुटली.

आणि चौक एकदम गप्प झाला...

कुठंतरी गवत कापायचं यंत्र चालू होतं, त्याचाही आवाज येईना.

मग शिट्टी. एकच... लांब.

नाइन्थवरून भरधाव आलेला लाल पिकअप करकचून थांबला. त्याच्यासमोर कोणीच नव्हतं. मागची गाडी थांबली. समोरून येणारीही थांबली. मुलं निवांत रस्ता ओलांडू लागली. एका छोट्या मुलीने मध्येच मान वर केली, रिकाम्या जागेकडे पाहिलं आणि म्हणाली, "थँक्यू."

लॉरीन उतरून तडक पिकअपपाशी गेली.

"का थांबलात तुम्ही?"

"का म्हणजे? ती म्हातारी पाटी धरून उभी होती की! डोळे फुटलेत का तुमचे?" मग त्याचा आवाज उतरला. "बाई, तिचा हात बघितलात? कोपरापासून उलटा वळलाय. कोणीतरी दवाखान्यात न्या हो तिला."

लॉरीनने वळून पाहिलं...

रस्त्यावर फक्त ऊन होतं.

बुधवारी तेच. गुरुवारी, शुक्रवारी तेच. डब्यातली नोंद सांगत होती, तीन दहापर्यंत चाळीस मैलांचा वेग, मग शून्य. शनिवारी आणि रविवारी शाळेला सुट्टी होती. त्या दोन दिवसांत नाइन्थवर एकही गाडी थांबली नव्हती.

सोमवारी दुपारी पाऊस पडला. संध्याकाळी लॉरीनने हार्लनचं दार वाजवलं.

"त्या चौकात कोण उभं असतं, मिस्टर ओडेगार्ड?"

म्हाताऱ्याने तिला स्वयंपाकघरात बसवलं. कॉफी ओतता ओतता तो बोलू लागला.

"माझी बायको. आर्डिस. एकोणीस वर्षं तिनं त्या चौकात पाटी धरून, शिट्टी वाजवून गाड्या थांबवल्या आणि शाळेच्या मुलांना रस्ता पार करून दिला. सहा वर्षांपूर्वी एका पिकअपनं उडवली तिला. पाटी धरलेला हात पहिला मोडला." त्याने किटली आदळली. "आणि तुमचा साहेब मला विचारतो, अपघात कुठेत? अगं, ती होऊ देत नाही ना! तुम्हाला पाच हवेत, ती एक होऊ देत नाही. अपघात नाही म्हणून पाटी नाही, आणि पाटी नाही म्हणून ती सुटत नाही. तुम्हाला लाज कशी वाटत नाही गं, पोरी?"

मागच्या दाराशी खुंटीवर तिचं ड्युटीचं नारिंगी जाकीट लटकत होतं. त्याच्या कडेवरून पाणी ठिबकत होतं...

"मी हात लावलेला नाही त्याला," हार्लन म्हणाला. "पाऊस असला की साडेतीनला ओलं होतं. मेल्यावरही बाईला ड्युटी! तिचा हात दुखत असेल गं."

लॉरीनला लाज वाटली. मग जो राग आला तो वेगळाच होता. दुसऱ्या दिवशी ती आमच्या साहेबाच्या, क्रेग ट्वेटनच्या, टेबलासमोर उभी राहिली. तिचा आवाज अख्ख्या मजल्याने ऐकला.

"लॉरीन, अगं नियम..."

"खड्ड्यात गेला तुझा नियम! पाच मढी मोजून मग पाटी लावणार का तू?"

ती थेट नगर परिषदेच्या बैठकीत गेली. हार्लनला पुढच्या रांगेत बसवलं आणि चाळीस मैलांच्या वेगाच्या नोंदींचे कागद एकेकाच्या पुढ्यात आपटले. भुताचं नाव तिने काढलं नाही. चार विरुद्ध तीन मतांनी ठराव झाला.

क्रेगने सही केली. "लाव पाट्या. पण माझा शब्द लिहून ठेव, आठवडाभरात कोणी थांबणार नाही. समोर गाडी दिसली नाही की लोक पाटीला भीक घालत नाहीत."

"तुझ्यासारखे नाही घालत," लॉरीन म्हणाली.

नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारी पाट्या लागल्या. पाऊस होता. तीन दहाला गाड्या आपापल्या थांबल्या. शिट्टी वाजली नाही. साडेतीनला हार्लनचा फोन आला. तो रडत होता.

"जाकीट कोरडं आहे, पोरी. आली घरी."

लॉरीन पण गाडीत बसून रडली.

हे इथंच संपलं असतं तर मी लिहायला बसलो नसतो.

पुढच्या गुरुवारी पुन्हा पाऊस. क्रेगने काहीतरी टोमणा मारला होता आणि त्याच तिरमिरीत लॉरीन गाडी घेऊन निघाली होती. मनातल्या मनात त्याला शिव्या घालत ती नाइन्थवरून आली. तिला स्वतःची पाटी दिसली. चौकात गाडी नव्हती. तिने ब्रेकवर पाय टेकवला... आणि उचलला. आपण सगळेच करतो तसं.

शिट्टी...

गाडीच्या आत. कानाशी.

काचेपलीकडे नारिंगी काहीतरी होतं. त्यातून एक हात वर आला... कोपरापासून उलटा. बोटं पाटीच्या दांड्याभोवती घट्ट.

लॉरीनने ब्रेकवर अख्खं वजन टाकलं.

हात नाहीसा झाला. तिथं पिवळी छत्री घेतलेली एक मुलगी उभी होती. बंपरपासून वीतभर अंतरावर. मुलीने वर पाहिलं, लॉरीनकडे नाही, बाजूला. "थँक्यू," म्हणाली आणि गेली.

घड्याळात तीन बारा झाले होते.

साडेतीनला फोन वाजला. लॉरीनला तो उचलायचा नव्हता. तरी तिने उचलला.

पलीकडे हार्लन होता, आणि त्याच्या आवाजात पूर्वीचा सगळा राग परत आला होता.

"ओलं झालंय. आज कोण थांबलं नाही, पोरी? मला फक्त नाव सांग त्याचं."

लॉरीनने फोन ठेवून दिला. हे तिने फक्त मला सांगितलं. हार्लन अजून विचारतो. पाऊस पडला की साडेतीनला तिच्या टेबलावरचा फोन वाजतो, आणि आम्ही दोघंही तो उचलत नाही.

कारण घरी जाताना मीही त्याच चौकातून जातो.

आणि मी दरवेळी थांबलोय, असं मला छातीठोक सांगता येत नाही...