पांढऱ्या पायाची

पटणार नसेल तर वाचू नका. पण हे खरं घडलंय, माझ्यासमोर. आणि भुताखेताच्या गप्पा मारणाऱ्यांना मी आजही गाढवच समजतो.

१९९१ चा मे महिना. परभणी, स्टेशन रोडवरची आमची कचेरी. भर दुपार.

कचेरीत नवा कॉम्प्युटर आला होता. धूळ नको म्हणून चपला खोलीबाहेर काढायच्या. साहेबसुद्धा अनवाणीच आत.

मशीन रोज बंद पडायचं. पडणारच! आमचे साहेब, दत्तराव, ज्यानं जे मागितलं ते प्रोग्रॅममध्ये चिकटवायचे. ठिगळावर ठिगळ. कशामुळे काय बिघडतं, कुणालाच पत्ता नाही. आणि उपाय काय? तर नारळ, लिंबू-मिरची. डोंबल!

शेवटी खापर फोडलं ऑपरेटर सुमंगलावर. ती आल्यापासून मशीन बिघडायलंय, पांढऱ्या पायाची हाय, असं दत्तराव सांगत सुटले. सोमवारी तिला काढणार होते. घरी नवरा अंथरुणाला खिळलेला, कमावणारी ती एकटी.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, एका वेळी एकच गोष्ट काढून बघू. जी काढल्यावर फरक पडेल, तेच कारण.

प्रिंटर काढला. मशीन बंद पडलंच.

सगळी ठिगळं काढून मूळ प्रोग्रॅम लावला. तरी बंद.

उरली सुमंगला...

तिला बाहेर बसवलं. आतून कडी लावली आणि स्वतः टाईप करायला लागलो.

मशीन चालत राहिलं. म्हणजे या पोरीची नोकरी मीच घालवणार?

आणि मग...

चट... चट... चट...

चपला. खोलीच्या आत.

आवाज माझ्या खुर्चीमागं येऊन थांबला.

स्क्रीन काळी झाली.

वळून पाहिलं. कुणी नाही. कडी तशीच.

दार उघडलं. समोर दत्तराव, बाजूला रडवेली सुमंगला. आयुष्यभर ज्यांची टर उडवली त्यांच्यासारखं बोलायची लाज वाटत होती. तरी बोललो.

"साहेब, हिच्या पायाचा दोष नाही. ही बाहेर होती, तरी बंद पडलं. आत चपला वाजल्या."

हसतील असं वाटलं होतं. ते हसले नाहीत. हळूच म्हणाले,

"तुलाबी ऐकू आल्या व्हय?"

त्याला माहीत होतं! माहीत असून एका बाईच्या माथी मारत होता.

सुमंगलाची नोकरी राहिली. मशीन शेजारच्या खोलीत हलवलं, तिथं नीट चाललं. त्या चपला कुणाच्या, हे दत्तरावानं मरेपर्यंत सांगितलं नाही.

आजही मागून चपला वाजल्या की मी दचकतो. भीती वाटते, नाही कशाला म्हणू?

पण दत्तरावाची किळस त्याहून जास्त वाटते.