तिसरी गाठ

आमच्या स्कॅनच्या खोलीत लोखंड चालत नाही आणि सोनंही बाहेर काढून ठेवावं लागतं. बांगड्या बायका मुकाट्यानं काढतात, पण गळ्यातल्या तालीला, म्हणजे इकडच्या मंगळसूत्राला, हात लावला की रडू लागतात. म्हणून माझ्या टेबलाच्या खणात पिवळ्या दोऱ्याचं रीळ आणि हळकुंडं असतात. नवऱ्यानं तेवढ्यापुरतं हळकुंड गळ्यात बांधायचं, लग्नात ताली बांधतात तसं तीन गाठी मारून, मग बाई यंत्रात जाते. कोईमतूरला सतरा वर्षं मी हेच करतेय.

सिवकामी अम्मांना पक्षाघाताचा झटका आला, त्यात वाचा गेली आणि उजवा हातही. आमच्या अभ्यासात अशा रोग्यांचा मेंदू तीनदा पाहतात, आठवड्यानं, तीन महिन्यांनी आणि वर्षानं. मेलेल्या भागाच्या आजूबाजूला काय तगलं, काय झिजलं, ते कळावं म्हणून. आत अर्धा मिनिट ओळखीचा आवाज ऐकवायचा, अर्धा मिनिट शांतता ठेवायची. मेंदूनं आवाजाला दाद दिली की तो भाग माझ्या पडद्यावर उजळतो.

आवाज त्यांच्या नवऱ्याचा होता, अरुणाचलम अय्यांचा. लेथवर जन्म गेलेला माणूस. उजव्या हाताची दोन बोटं तिथंच राहिली होती, म्हणून दोरा बांधताना एक टोक दातांत धरायचे. तोंडात सदा विडा.

"अय्या, तिसरी गाठ उलटी बसली," मी म्हटलं.

"लग्नाच्या दिवसापासून उलटीच बांधतोय. सुटली का कधी?"

पहिल्या वेळी पडदा काळाच राहिला. तीन महिन्यांनी त्यांचा आवाज लावला, "सिवकामी, कॉफी निवतेय, मग माझ्यावरच ओरडशील," आणि मेंदूच्या उजव्या बाजूला दाण्याएवढा ठिपका उजळला. अय्या काचेला नाक लावून बघत होते.

"ओरडेल हो ती," ते म्हणाले.

वर्ष भरलं तेव्हा लेक तेन्मोळी एकटीच अम्मांना घेऊन आली. अय्या कुठे, म्हणून विचारलं तर तिनं मला बाजूला नेलं.

"अप्पा गेले, अक्का. अकरा आठवडे झाले. अम्माला सांगितलंच नाही. अण्णा म्हणतो, तिला सोसणार नाही, गावाला गेलेत म्हणून सांग. तालीसुद्धा उतरवली नाही आम्ही." तिनं पदरानं डोळे पुसले. "तिला कळलंय का, एवढं बघून सांगा ना. मी रोज तिच्या तोंडावर खोटं बोलते."

"ते यंत्राला नाही गं कळत."

"मग निदान अप्पांचा आवाज लावू नका."

ताली मी काढली. हळकुंड बांधायला तेन्मोळीचा हात उठेना आणि माझाही उठला नाही. अम्मांना तसंच उघड्या गळ्यानं आत सरकवलं. त्यांचा डावा हात गळा चाचपत होता. मला माझीच लाज वाटली.

लेकीचा आवाज लावला. पडदा काळा राहिला. आवाज थांबला, शांतता सुरू झाली, आणि ठिपका उजळला.

पुन्हा आवाज. काळं. पुन्हा शांतता. या वेळी ठिपका हरभऱ्याएवढा झाला.

काहीतरी चुकून वाजत असेल, म्हणून मी आवाजाची वायर उपसून काढली.

तो उजळतच राहिला.

सकाळचे अकरा वाजले होते. काचेपलीकडे अम्मांशिवाय कोणी नव्हतं.

मी तेन्मोळीला घेऊन आत गेले, अम्मांना बाहेर ओढलं, डोकं हलू नये म्हणून बसवलेला साचा काढला. अम्मांनी लेकीकडे पाहिलं. मग डावा हात कपाळाशी नेऊन त्यांनी कुंकू पुसून टाकलं.

तेन्मोळी तिथंच खाली बसली. अम्मांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही.

गळ्याकडे माझं लक्ष नंतर गेलं. पिवळा दोरा होता, हळकुंडासकट. दोन गाठी सरळ, तिसरी उलटी.

खण मी उघडलाच नव्हता. दोरा सोडवायला हात लावला तर त्याचं एक टोक ओलं लागलं. विड्यानं लाल झालेलं.