मी आले, तू जेवायला जा

भुताखेतांवर माझा कधी विश्वास नव्हता. वर्गात मुलांना अंधश्रद्धेचा धडा शिकवणारी बाई आहे मी. त्यामुळे हे वाचून हसायचं तर खुशाल हसा. पण लिहितेय ते माझ्यासोबत घडलंय.

आणि रात्री नाही. गेल्या सर्वपित्री अमावस्येला, रविवारी, भर दुपारी.

पेणहून एसटीने गेलं की धरमतर खाडीच्या काठाला एक लहान गाव लागतं. नाव सांगत नाही. तिथली माणसं अजून माझी आहेत. निदान मी तरी तसं समजते.

मी लातूरकडची. आईवडील लहानपणीच गेले, मामाकडे वाढले. पोटाला मिळालं, पण "ऋतुजा, जेवलीस का?" असं कुणी विचारल्याचं आठवत नाही. नोकरी लागली आणि या गावच्या शाळेत आले. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या इंदुआईने माझ्या खोलीचं दार वाजवलं.

"एकटीसाठी कशाला चूल पेटवतेस गो? आमच्यात ये जेवाया."

झालं. मी त्यांच्यातलीच होऊन गेले. इंदुआईचे यजमान गुणाजीबाबा माझ्या ताटात माशाची मधली तुकडी टाकायचे आणि मी नको म्हटलं की रुसायचे. सुट्टीत मामाकडे जाणंही मी बंद केलं. आयुष्यात पहिल्यांदा मला घर मिळालं होतं. ते हातचं जाऊ नये, एवढीच भीती होती.

त्यांचा एकुलता एक मुलगा, आदेश. तीन वर्षांपूर्वी खाडीने नेला.

तिथली भातशेती मातीच्या बांधाने राखलेली आहे. बांधात पाण्याचं एक दार आहे, त्याला उघाडी म्हणतात. मोठ्या भरतीला त्याच्या फळ्या खाली पाडून ते बंद करायचं आणि पाणी उतरेपर्यंत राखण करायची. प्रत्येक घराची बारी ठरलेली.

नियम एकच... दुसरा आल्याशिवाय पहिल्याने जागा सोडायची नाही. येणाऱ्याने लांबूनच हाक द्यायची, "मी आलो, तू जेवाया जा!"

त्या दिवशी आदेश उघाडीवर होता. त्याला सोडवायला बाबा जाणार होते. बाबांनी फोनवर सांगितलं, "जेवतो नि निघतो."

ते जेवत असतानाच बांध फुटला.

आदेश सापडलाच नाही.

शाळेत खिचडी शिजवणारी मैना मला एकदा हळूच म्हणाली होती, "त्यांच्या बारीला त्यांच्यातलं कोन जात नाय, बाई. तरी फळ्या पडलेल्या असतात." मला वाटलं, बाबाच गुपचूप जाऊन येत असतील.

सर्वपित्रीला इंदुआईने सासूसासऱ्यांची पानं वाढली. आदेशचं वाढलं नाही. मी विचारलं, तर म्हणाली, "तो कामावर हाय गो. त्याचं पान कसं ठेवू?"



त्या दिवशी बारी त्यांचीच होती. बाबा तापाने फणफणले होते आणि भरती चढत होती. भात पोटरीला आलेलं. खारं पाणी आत शिरलं असतं तर सगळं गेलं असतं. इंदुआईने माझं ताट झाकून ठेवलं होतं. ते तसंच सोडून, कुणाला न सांगता मी निघाले. मी घरची लेक ना? मग घरची बारी माझीही होती.

बांधावर माणूस नव्हतं. फक्त बगळे, ओळीने बसलेले.

लांबूनच आवाज आला...

थप्. थप्. ओला चिखल थापल्यासारखा.

मी उघाडीपाशी पोचले आणि... आवाज थांबला.

फळ्या पडलेल्या होत्या.

फटी ताज्या चिखलाने लिंपलेल्या. त्यावर बोटं उमटलेली. रुंद, पुरुषाची.

आजूबाजूला कुणीच नाही. पलीकडे पाणी तुडुंब भरलेलं.

खरं तर मी पळत सुटायला हवं होतं. पण भीतीच्या आधी मला रडू आलं. हा पोरगा तेव्हापासून इथे उपाशी उभा आहे, असं वाटून गेलं. आणि तोंडातून शब्द निघाले...

"मी आले. तू जेवायला जा."

वारा पडला.

माझ्या शेजारचा बगळा उडाला. मग त्याच्या पुढचा. मग त्याच्याही पुढचा... एकेक करत, गावाच्या दिशेने. बांधावरून कुणी चालत गेलं की उडतात, तसे.

पाणी उतरेपर्यंत मी तिथेच बसून होते. मला सोडवायला कुणी आलं नाही. शेवटी मी तशीच उठले आणि घरी आले.

माझं ताट उघडं होतं.

भात नाही, वडे नाहीत. खिरीचा थेंबसुद्धा नाही.

इंदुआई त्या ताटासमोर बसली होती. तिला इतकं आनंदात मी कधीच पाहिलं नव्हतं. आणि कोपऱ्यात बाबा तोंडावर चादर ओढून हुंदके देत होते.

"आई... कोण जेवलं?"

तिने वर पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता. घरच्या माणसाला विचारावं, तसं साधं विचारलं...

"तू हितं कशी गो? उघाडीवर कोन हाय?"

त्यानंतर त्या घरात माझं ताट लागलं नाही. मला कुणी वाकडं बोललं नाही. रोज तीन ताटं वाढली जायची, पण तिसरं माझं नसायचं. मी दारात उभी राहून बघायचे आणि खोलीत येऊन रडायचे.

दिवाळीनंतर मी रोह्याला बदली मागून घेतली.

मैनाचा अधूनमधून फोन येतो. त्या घराच्या बारीला फळ्या अजूनही पडलेल्याच सापडतात. "पन बाई, चिखलावरची बोटं आता बारीक असतात. बाईमाणसाची. तुमी गुपचूप येऊन जाता काय?"

मी जात नाही. त्यांच्या बारीच्या वेळी मी रोह्यात, वर्गात असते. पण भरतीच्या वेळेला डबा उघडला तर घशाखाली घास उतरत नाही. हात कितीही धुतले तरी चिखलाचा वास येतो.

परवाच्या अमावस्येला राहवलं नाही. इंदुआईला फोन लावला.

"आई, मला सोडवायला कुणी येईल का गं?"

पलीकडे भांड्यांचा आवाज आला. तिने तोंड बाजूला करून कुणाला तरी विचारलं.

मग तिचा तोच मायेचा आवाज आला.

"येतो बोलतोय गो. जेवतो नि निघतो."