बसांतीचं पीठ

दिवा राहू दे तसाच, बारीक. आणि जर्जिस, तू हसायचं ते आत्ताच हसून घे. पुढे जागा मिळणार नाही.

मी सांगतोय ते विस्साचं, माझ्या बायकोच्या थोरल्या भावाचं. कालव्याच्या पुलावर एकटाच बसलेला असतो ना, तोच. बावीस वर्षं आपल्या चर्चचं कुर्बान त्यानं भाजलं. रविवारी वेदीवर जाते ती भाकरी. आपले पाद्री, अबूना, टोपलीतून एक निवडून घेतात, जिला तडा नाही, डाग नाही अशी. बावीस वर्षांत विस्साच्या टोपलीत त्यांना खोट सापडली नाही. माणूस भला, पण ह्या गोष्टीचा त्याला फार ताठा.

तीन वर्षांपूर्वीचा नोव्हेंबरातला दुसरा शनिवार. सकाळी बसांती पिठाचं गाठोडं घेऊन चर्चच्या दारी आली. विधवा बाई, एकुलता एक मुलगा. मकार त्याचं नाव, गवंडीकाम करायचा. असियूत शहरात परांचीवरून पडला आणि छाती चेपली. पाच दिवस दवाखान्यात नळ्या लावून पडला होता. पीठ देण्यापुरती ती गावी आली होती. लोकांच्या शेतात सरवा वेचून जमवलेला गहू, स्वतः धुतलेला, स्वतः जात्यावर दळलेला.

"विस्साभाऊ, उद्याचं कुर्बान ह्याचंच करा. दुसरं चिमूटभर मिसळू नका. मकारसाठी नवस बोलले आहे मी."

"बरं, बरं. ठेव तिथं."

"नुसतं बरं नको. शब्द द्या."

"दिला, बाई. जा आता, गाडी चुकेल."

ती गेली. विस्सानं गाठोडं सोडलं. पीठ जाडंभरडं, काळपट, कोंडा तसाच. ह्याच्या भाकरीला तडा जाणार, हे त्याला बघताक्षणी कळलं. म्हणून त्यानं चर्चमधलं पांढरंशुभ्र बाजारचं पीठ काढलं, आणि जेवायला घरी जाताना बसांतीचं गाठोडं काखेत मारलं.

"हे घरच्या भाकरीला घे," तो बायकोला म्हणाला.

"कुणाचं हे?" लबीबानं विचारलं.

"देवाकडे जास्त झालं."

काय जर्जिस? चांगलंच पीठ वापरलं, मग बिघडलं कुठं? विस्साही हेच म्हणत होता. अरे, पण द्यायचं काय ते बसांतीनं ठरवलं होतं. तू कोण मध्ये? देवाच्या दारात आलेली वस्तू ही. तिला नाक मुरडणारा तू कोण?

असो. रात्री तो चर्चच्या भट्टीच्या खोलीत गेला. आतून कडी घातली. तुम्हाला माहीत आहे, तिथं स्तोत्रांशिवाय शब्द बोलायचा नाही, भाकरी भट्टीतून बाहेर निघेपर्यंत. दोन वाजून गेले होते. गोळे फुगून आले होते. त्यानं लाकडी शिक्का घेतला. एकेका भाकरीवर क्रूस उमटवत होता, सळईनं पाच भोकं पाडत होता. ओठांवर स्तोत्र.

"काका."

खिडकीतून.

विस्सानं मान वर केली. गजांपलीकडे मकार उभा होता. कामाच्या कपड्यात, चुन्यानं पांढरा.

विस्साला आधी आनंदच झाला. त्यानं मला शपथेवर सांगितलंय, आनंद झाला. पोरगा बरा होऊन आला. कसा आला, कशानं आला... मनातच आलं नाही. स्तोत्र न थांबवता त्यानं मान हलवली.

"काका, आईचंच पीठ ना?"

विस्सा मोठ्यानं म्हणू लागला. स्तोत्राची ओळ चुकली. परत म्हटली.

"काका... तिचंच ना?"

आणि विस्सानं स्तोत्र मोडलं.

"हो रे. तिचंच."

मकारनं तोंड गजांना लावलं.

"मग मला वास का येत नाही?"

विस्सानं पुढच्या भाकरीवर शिक्का दाबला.

"तिच्या पिठाचा वास मला झोपेतही ओळखू येतो, काका."

थंडी पडली होती. विस्साच्या तोंडातून वाफ निघत होती. मकारच्या... नाही.

"मग मी थांबून काय करू?" तो म्हणाला.

आणि खिडकी रिकामी झाली.

विस्सानं शिक्का तिथंच टाकला. खोलीला कुलूप लावून घराकडे पळत सुटला. सकाळच्या मिस्साच्या प्रार्थनेला अजून पाच तास होते. ते पीठ मिळालं तर परत मळता येईल, भाजता येईल. एवढंच त्याच्या डोक्यात.

"पीठ कुठाय? बसांतीचं पीठ?"

"सगळं भाजलं की. तुम्हीच म्हणालात."

"मूठभर तरी असेल."

"डबा झाडून घेतला मी."

तेवढ्यात बसांतीच्या बहिणीच्या घरातून रडणं उठलं. असियूतहून फोन आला होता. मकार गेला. दोन वाजून गेल्यावर.

देव एका आईचं लेकरू पिठापायी ओढून नेईल, हे मी मानत नाही. डॉक्टरांनी आधीच हात टेकले होते म्हणे. पण विस्साला हे सांगायला मी दहादा गेलो आणि दहादा तसाच परतलो. बसांतीनं त्याला आजवर एक शब्द विचारलेला नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

उजाडताना लबीबानं मला हाक मारली. मी आणि अबूना विस्साच्या घरी बरोबरच पोचलो. अबूना स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर थांबले, लबीबाच्या भाकरींच्या टोपलीकडे पाहिलं, आणि पायातले जोडे काढले. वेदीसमोर काढतात तसे.

मीही पाहिलं. लबीबानं भाजल्या तेव्हा त्या साध्या घरच्या भाकरी होत्या. आता प्रत्येकीवर शिक्का होता. क्रूस, आणि पाच भोकं. शिक्का तर चर्चमध्ये कुलपात... मी स्वतः जाऊन पाहून आलो.

टोपलीत कडेला अर्धी भाकरी होती. रात्रीच्या जेवणात विस्साला संपली नव्हती, ती. तिच्यावर अर्धाच क्रूस होता, त्याच्या दातांच्या खुणांपर्यंत.