एकोणतीस इंचांचं तिरकं माप

ऐश्वर्या खरं तर समोरच्या दुकानात निघाली होती. पण स्कूटर लावायला जागा इथं मिळाली, म्हणून शाहूपुरीतल्या या दुकानात शिरली – अर्धी बाजू कापडाची, अर्धी कॉम्प्युटरची.

"हा रुंद मॉनिटर एकोणतीस इंची. म्हणजे चोवीसपेक्षा पाच इंच मोठा, व्हय?"

कॉम्प्युटरची बाजू बघणाऱ्या अनेकांतनं वडिलांच्या कापडाच्या भागातनं मोजायची पट्टी आणली. "तुम्हीच मोजा की. उभं."

पट्टीचं एक टोक तिनं धरलं, दुसरं त्यानं. चोवीस इंची निघाला पावणेबारा. एकोणतीस इंची – सव्वाअकरा.

"मोठाच बुटका?"

"इंच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत धरतात. तिरकं."

"आमच्या कबनूरला असं कापड मोजलं तर गिऱ्हाइकं अख्खा तागा अंगावर टाकतील."

तो हसला... जरा उशिरा, पण पूर्ण. "हिशेबाचं, पत्रांचं काम असंल तर घेऊ नका. दोन्ही बाजू रिकाम्या राहतात आणि पैसे जवळपास दुप्पट. तुमचं काम काय?"

"साडीच्या किनारी काढते. आमचे माग हायत."

"मग घ्या. किनार आडवीच पळते. आठ दिवस वापरा, न्हाय पटलं तर परत आणा."

स्वतःचा सौदा आधी मोडून मग जोडणारा दुकानदार तिनं पहिल्यांदाच पाहिला. मॉनिटर घेतला, पट्टीच्या पलीकडच्या टोकाची ती लांब बोटंही डोक्यात घेऊनच घरी आली.

दुसऱ्या दिवशी रंग निळसर दिसतात म्हणून तिनं फोन केला. चौथ्या दिवशी जे विचारलं ते तिला येत होतं. तिला येतंय हे त्यालाही कळलं असावं, तरी त्यानं वीस मिनिटं समजावलं. स्वतःहून मात्र फोन एकदाही नाही. आता हा सभ्यपणा, की गिऱ्हाइकाशी वागायची रीत? ते काही उलगडेना.

सातव्या दिवशी ती मॉनिटरसमोर नुसतीच बसून राहिली. मान जरा जास्त वळवावी लागत होती खरी, पण अख्खी किनार या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच पडद्यावर मावत होती. पैसे वसूल. आणि तिथंच पंचाईत होती. एवढी चांगली वस्तू परत कशी करायची? आणि परत केली नाही, तर नवव्या दिवशी शाहूपुरीला जायला कारण काय उरणार?

आठव्या दिवशी तिनं मॉनिटरचा मोठा खोका काउंटरवर ठेवला. अनेकांतचा चेहरा पडला. "न्हाय पटला?"

तिनं खोका त्याच्याकडं सरकवला. त्यानं खोका उचलला आणि तसाच थांबला.

"हा रिकामा हाय."

"मॉनिटर चांगलाय. तो कशाला परत देऊ?"

"मग खोका..."

"इतक्या लांब यायचं, तर हातात काहीतरी पाहिजे की."

कापडाच्या बाजूला त्याचे वडील, जयपालअण्णा, घड्या घालत होते. ते तागा उचलून निमूट आतल्या खोलीत गेले.

अनेकांतचे कान लाल झाले. त्यानं पट्टी उचलली, ठेवली, पुन्हा उचलली. "आठ दिवस झाले की फोन करणार होतो. त्याआधी केला असता तर... विकायला केला असं वाटलं असतं तुम्हाला."

"आणि आता?"

"आता घरी यायला पाहिजे. त्या मॉनिटरसमोर दुसरी खुर्ची बसते का, ते बघायला."

ऐश्वर्यानं त्याच्या हातातली पट्टी काढून घेतली.

"बसते," ती म्हणाली. "मोजूनच आलेय. तिरकं न्हाय... सरळ."